'राहणे' म्हणजे थांबणे की वसणे?

फोंडा:
1975 च्या गोवा मुंडकार संरक्षण कायद्यातील व्याख्या एका माहितीपत्रकासाठी सोप्या मराठीत मांडताना मी 'राहणे' या क्रियापदापाशी अडलो आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीतील घरात जो कायमची वस्ती करून असतो तो मुंडकार, असा त्या व्याख्येचा गाभा आहे. मी 'घरात राहणारा' असे लिहिले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. राहायला पाहुणाही येतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची चूल तेथे पेटते त्याला नुसते 'राहणारा' म्हटल्यास त्याचा हक्क उणावतो, असे त्यांचे म्हणणे. 'वास्तव्य करणारा' लिहावे, तर ते मामलेदार कचेरीतील दाखल्यासारखे वाटते, आणि पत्रक वाचायचे आहे ते मुंडकारांनीच. जाणकारांनी मत द्यावे.

मडगाव:
आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला पटते. 'उभा राहा', 'काम राहिले', 'राहू दे' या सर्व प्रयोगांत थांबण्याचा किंवा उरण्याचाच अर्थ आहे. कोंकणीत 'राव' म्हणजे थांब, आणि 'पावस रावलो' म्हणजे पाऊस थांबला. संस्कृतातील 'रह्' धातू सोडण्याच्या अर्थाचा आहे. 'रहित' आणि 'विरह' त्याचेच. सगळे सोडून गेल्यावर जो मागे उरतो तो राहतो, अशी संगती मी लावतो. कायद्याच्या मजकुरात 'निवास' हा निःसंदिग्ध शब्द असताना बोलीतला शब्द कशाला हवा?

पेडणे:
ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते, आणि कोंकणीचा दाखला तर उलट बाजूनेही देता येतो. 'हांव पणजे रावतां' असे सांगणारा माणूस पणजीत थांबलेला नसतो, त्याचा सगळा संसारच तेथे असतो. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. आमच्या गावातील कित्येकांनी मुंबईत नोकऱ्या करून उभे आयुष्य काढले. माझे वडील त्यांपैकीच, आणि कोणी विचारले की ते सांगत, "राहतो गिरगावात, घर पेडण्यात." त्यांच्या लेखी राहणे आणि घर असणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. म्हणून क्रियापदाला दोष न देता वाक्यात घर ठळकपणे यावे, एवढेच मी सुचवीन.

डिचोली:
कायमपणा धातूत शोधण्यापेक्षा रूपांत शोधावा. 'तो डिचोलीला राहिला' म्हणजे एक-दोन रात्रींचा मुक्काम, 'तो डिचोलीत राहतो' म्हणजे वस्ती, आणि 'राहते घर' म्हटले की शंकेला जागाच उरत नाही. भाड्याने दिलेल्या किंवा बंद पडलेल्या घराला कोणी 'राहते घर' म्हणत नाही. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' या तुकोबांच्या ओळीत तर राहणे म्हणजे आयुष्य कंठणेच आहे. तो शब्द पाहुण्यांपुरता कसा म्हणता येईल? 'भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत ज्याचे कायमचे राहते घर आहे तो मुंडकार' असे लिहावे.

मडगाव:
'राहते घर' ऐकले की वाचक ते मालकीचे घर समजेल. मुंडकाराचा प्रश्न नेमका याच ठिकाणी नाजूक असल्याने मी 'निवास' सोडणार नाही.

म्हार्दोळ:
'नांदणे' या शब्दाचा विचार अद्याप कोणी केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. तो 'नन्द्' धातूपासून आला असून त्यात वस्ती आणि समाधान दोन्ही आहेत. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी; सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील मुलूख सोडून देव प्रियोळला आले, त्याचप्रमाणे केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. स्थलांतरित असूनही हे देव येथे 'राहतात' असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. ते येथे नांदतात. ज्या कुळांनी परक्याच्या जमिनीवर पिढ्या काढल्या, त्यांच्यासाठीही हाच शब्द शोभेल.

डिचोली:
देवांसाठी तो शोभतो, परंतु माणसांच्या बाबतीत 'नांदायला पाठवणे' आणि 'सासरी नांदत नाही' या प्रयोगांनी त्याला सासरच्या उंबऱ्याशी बांधून टाकले आहे. कुटुंब न्यायालयातील अर्ज वाचल्यावर 'नन्द्' मधला आनंद त्या शब्दात कितीसा टिकला आहे, हे कळते.

म्हार्दोळ:
न्यायालयात शब्द कसा वापरला जातो, यावरून त्याचा अर्थ ठरवणे मला मान्य नाही. मंगलाष्टकांनंतरच्या आशीर्वादात वधूवर दोघांनाही 'नांदा' म्हणतात, एकट्या वधूला नव्हे.

पेडणे:
अर्थाचा वाद चालू राहो, परंतु पत्रकात 'रहाणे' छापू नये. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे 'राहणे', 'पाहणे', 'वाहणे' हीच रूपे शुद्ध आहेत.

मडगाव:
नियम मान्य असला, तरी आमच्याकडे उच्चार 'र्‍हाणे' असा होतो, आणि मुंडकारांच्या हाती जाणाऱ्या पत्रकात बोलीतले रूप चालायला हरकत नसावी.

पेडणे:
व्याख्येत बोलीतला शब्द नको, असे आपणच वर म्हटले होते.