व्हिक्टोरिया क्रॉसवाले 'आपले' नव्हेत म्हणे!

गावठी_तोफ: काल तात्यांनी लिहिलं की व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळवणाऱ्या यशवंत घाडगेंचा माणगावचा पुतळा म्हणजे गुलामीचं स्मारक, ते गोऱ्यांसाठी लढले, मानवंदना द्यायची तर फक्त परमवीर चक्रवाल्यांना द्या. वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून जरा लांबण लावतो. १० जुलै १९४४, इटलीत तायबर नदीचं खोरं. घाडगेंच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुटली, एक घाडगे सोडले तर सगळे पडले. कुणी मेलं, कुणी जखमी. हा माणूस एकटा धावत सुटला, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, आणखी एकाला गोळी घातली आणि मग मॅगझीन बदलायला वेळच नाही तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून संपवलं. नंतर स्नायपरच्या गोळ्यांनी तिथेच गेले. वय बावीस! त्या क्षणी त्यांच्या डोक्यात लंडनचा राजा होता असं तुम्हाला वाटतं का तात्या?

सडेतोड_तात्या: शौर्य मी कुठे नाकारलं? नीट वाचा आधी. प्रश्न मेडल कोणी दिलं आणि कशासाठी दिलं हा आहे. त्याच १९४४ मध्ये आझाद हिंद सेनेची पोरं इम्फाळच्या बाजूला लढत होती, त्यातले किती उपासमारीने गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांना सैन्यात परत घेतलंसुद्धा नाही. त्यांचा पुतळा दाखवा तुमच्या तालुक्यात, मग बोलू.

निवृत्त_हवालदार: तात्या, दोन्ही पुतळे उभारा, कोणी अडवलंय? आम्ही रिक्रूट होतो तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरला घाडगे आणि नामदेव जाधव ही व्हिक्टोरिया क्रॉसवाली दोन नावं पाठच होती. जाधव म्हणजे कंपनी रनर, निरोप पोचवणारा शिपाई. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. एकेक करून दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणलं, मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या उडवल्या. हाताला लागल्यावर टॉमीगन चालेना तर ग्रेनेड फेकले आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. ती घोषणा कोणाच्या नावाने असते ते सांगायला नको. आणि विषय निघालाच आहे तर, मागे एका २६ जानेवारीला आम्हाला सत्काराला बोलावलं, उन्हात बसवलं, नाव चुकीचं पुकारलं आणि फोटोत पुढाऱ्यांच्या मागे ढकललं. शाल तेवढी बरी होती.

आकडेबहाद्दर: ते राहू द्या. परमवीर चक्र आजपर्यंत २१, त्यातली १४ मरणोत्तर. महाराष्ट्राची किती सांगा बघू? मला तर फक्त १९४८ च्या काश्मीर युद्धातले रामा राघोबा राणे आठवतात.

कारवारी_माणूस: राणे आमचे. कारवारचे. पुतळाही कारवारात आहे.

आकडेबहाद्दर: १९४८ साली कारवार मुंबई प्रांतातच होतं, आणि राणे लढले बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातून. बसा आता.

कारवारी_माणूस: त्या हिशेबाने कराचीसुद्धा १९३६ पर्यंत तुमचीच होती. घ्या परत!

गावठी_तोफ: झालं, निघाला सीमावाद. विषय काय, चाललंय काय.

आकडेबहाद्दर: मग तारापोर घेतो. जन्म मुंबईचा, १९६५ ला चाविंडाच्या लढाईत गेले. खेत्रपालचा जन्म पुण्याचा, १९७१ ला बसंतरला, एकविसाव्या वर्षी. दोघेही पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे.

कारवारी_माणूस: एक पारशी, एक पंजाबी. शाळेत हजेरी नाही आणि बक्षिसाला पहिले.

निवृत्त_हवालदार: पारशी मुंबईचा नाही तर कुठला हो? लाज वाटली पाहिजे. राणेंनी काय केलं ते तरी ठाऊक आहे का दोघांना? नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढताना चालत्या रणगाड्याच्या खाली सरपटत पुढे गेले, हातात दोरी, ती ओढून वरच्या ड्रायव्हरला इशारा द्यायचा, थांब की चल. मांडीत जखम घेऊन. आणि जिवंत परत आले, मेजर होऊन १९६८ ला रिटायर झाले, १९९४ ला गेले ते पुण्यात. तेव्हा पुण्यात कितीजणांना माहीत होतं की परमवीरवाला माणूस इथे राहतो?

माजघर: माझे पणजोबा इटलीत होते, मेडल वगैरे काही नाही. आमच्याकडे पगारासाठीच भरती व्हायचे, दुसरं होतं काय? आजी सांगायची, फटाके वाजले की ते खाटेखाली जायचे. तात्या, त्यांना गुलाम म्हणा नाहीतर वीर म्हणा, घरात त्यांचा एक फोटो आहे तो काही मी काढणार नाही.

सडेतोड_तात्या: तुमच्या पणजोबांना मी काही म्हटलं नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका. बरं, २०२३ ला अंदमानच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, तीही निर्जन बेटं. ऐंशीच्या दशकात तेलवाहू जहाजांना दिली होती, ती कोणाला आठवतात? म्हणजे 'आपल्या' मेडलवाल्यांचीही हीच गत. एवढ्यापुरतं हवालदारांचं मान्य. घाडगेंच्या पुतळ्यासमोर उभा राहीन, पण मेडलवरच्या राणीला नमस्कार करणार नाही. झालं समाधान?

आकडेबहाद्दर: मेडलवर राणी नसते तात्या. मुकुट आणि त्यावर सिंह असतो.

सडेतोड_तात्या: मुकुट कोणाचा मग, तुमच्या मावशीचा?

कारवारी_माणूस: ते जाऊ द्या. राणे कोणाचे ते आधी ठरवा.