चिनी मुलांचा बुजरेपणा, खोटं बोलणं आणि ६ कोटींचं कोडं

नीरजा_क
बालविकासाच्या टिपणांत एक वाक्य हटकून सापडतं: 'पाश्चात्त्य देशांत बुजरं मूल मागे पडतं, चीनमध्ये त्याचं कौतुक होतं.' हे आजही चालेल का? चिनी मुलांना खोटं बोलणं कमी वाईट वाटतं असंही वाचलं, ते पचत नाही. शिवाय चीनमध्ये आईबाप शहरात गेल्याने गावी राहिलेल्या मुलांची संख्या कुठे ६ कोटी १० लाख, तर कुठे ९० लाख. एवढा फरक कसा?

मोजपट्टी
पहिल्या वाक्यापुढे साल लिहा, मग ते चालेल. मानसशास्त्रज्ञ शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी शांघायच्या प्राथमिक शाळांत १९९०, १९९८ आणि २००२ अशा तीन खेपांना मुलं तपासली. १९९० मध्ये बुजरी मुलं वर्गाला आवडत, शिक्षकही त्यांना चांगलं म्हणत. १९९८ मध्ये चित्र संमिश्र. २००२ मध्ये तशीच मुलं सवंगड्यांना नकोशी झालेली आणि जास्त उदास. अवघ्या बारा वर्षांत! कारण चेन यांच्या मते बाजाराकडे वळलेल्या समाजात आहे: स्पर्धा वाढली, पुढे होऊन बोलणाऱ्याला भाव आला. खेड्यांतल्या मुलांत मात्र जुना संबंध नंतरही दिसला.

बुजरेपणा मोजतात कसा, तेही बघा. मुलांना वर्गाची यादी देऊन सांगतात, समजा तुम्ही नाटक बसवताय, या भूमिकेत, म्हणजे समजा लाजाळू मुलाच्या, कोण शोभेल? प्रत्येक भूमिकेला जास्तीत जास्त ३ नावं. मग मिळालेली नावं मोजून ती वर्गागणिक प्रमाणित करायची. ही पायरी गाळली, तर मोठ्या वर्गातल्या मुलाला नुसत्या पटसंख्येमुळे जास्त गुण पडतात. चीनमध्ये ही पद्धत चांगली चालते, कारण तुकडी वर्षानुवर्षं एकत्र असते आणि मुलं एकमेकांना आतबाहेर ओळखतात.

घोळ होतो तो शब्दांत. आपल्याकडे तीन वेगळे शब्द आयते आहेत. बुजरा म्हणजे इतरांत जावंसं वाटतं पण भीती वाटते. भिडस्त म्हणजे स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. एकलकोंडा म्हणजे जावंसंच वाटत नाही. तिघांना एका रकान्यात टाकलं की निष्कर्ष गेलाच. भिडस्त मूल चीनमध्ये नम्र ठरू शकतं. एकलकोंड्याला मात्र गटाशी फटकून वागणारा, म्हणून नावं ठेवतात.

कडू_कारलं
खोट्याबद्दल. तुम्ही वाचलंत ते अर्धवट आहे. मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात चीन आणि कॅनडातली ७, ९ आणि ११ वर्षांची मुलं होती. गोष्टीतलं मूल कोणाला न सांगता साफसफाईसारखं चांगलं काम करतं. शिक्षिका विचारतात, "हे कोणी केलं?" मूल म्हणतं, "मी नाही." आता हे उत्तर किती चांगलं, किती वाईट, ते ऐकणाऱ्या मुलाने पट्टीवर दाखवायचं.

वय वाढलं तशी चिनी मुलं या नकाराला जास्त चांगलं म्हणू लागली आणि 'मीच केलं' या खऱ्या उत्तराला कमी. पण गोष्टीतल्या मुलाने खोडी करून ती नाकारली, तर दोन्ही देशांत निकाल एकच: वाईट. म्हणजे सवलत खोट्याला नाही, स्वतःच्या कामाचा डंका न पिटण्याला आहे. २००७ च्या अभ्यासात आणखी एक पदर उलगडला: गटाला वाचवायला एकट्याचं नुकसान करणारं खोटं चिनी मुलांनी उजवं ठरवलं, कॅनडातल्या मुलांनी उलट.

असा प्रयोग करणार असाल तर 'हे खोटं आहे का?' आणि 'हे चांगलं की वाईट?' हे प्रश्न वेगवेगळे विचारा. एकत्र केले की 'वाईट नाही' म्हणणाऱ्या मुलाला ते खोटं आहे हे कळलंच नाही, असं तुम्ही धरून बसाल.

मोजपट्टी
आकड्यांचं कोडं सोपं आहे, मुलं तीच, व्याख्या वेगळी. ६ कोटी १० लाख हा अखिल चीन महिला महासंघाचा २०१३ चा आकडा, २०१० च्या जनगणनेवर बेतलेला. त्यात १८ खालची आणि आईबापांपैकी एक जरी बाहेर असला तरी ती मुलं येतात. २०१६ मध्ये चीन सरकारने वयाची मर्यादा १८ वरून १६ वर आणली. दोघंही बाहेर, किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळायला असमर्थ, एवढीच मुलं धरली. मोजणीत ९० लाख २० हजार आली. त्यांतली ८० लाखांवर आजी-आजोबांकडे होती. दोन्ही आकडे एका आलेखावर ठेवून 'प्रश्न सुटत आला' म्हणू नका.

ऊसतोड कामगारांच्या मुलांशी सरळ तुलनाही नको. इथे ताटातूट हंगामापुरती असते. तिथले आईबाप बहुधा वसंतोत्सवालाच, म्हणजे चिनी नववर्षाला, घरी येतात, आणि हुकोउ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, गावची असल्याने शहरातल्या शाळेचं दार सहज उघडत नाही.

नीरजा_क
आभार. चिनी पालकांना 'हुकूमशाही पद्धतीचे' म्हणावं का?

कडू_कारलं
मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये नेमकी यावरच हरकत घेतली. चिनी शब्द आहे 'ग्वान': ताबा ठेवणं, पण जीव लावून. मराठीत 'वळण लावणं' बरंच जवळ जातं. प्रश्नावलीत 'मुलावर हुकूम चालवता का?' घातलंत तर मायेचा भाग निसटतो, आणि जो पालक रात्री दहापर्यंत मुलाशेजारी बसून गणितं सोडवून घेतो, तो कडक रकान्यात जाऊन पडतो.