मॅडलिनला वरचा फुगवटा कसा आणायचा?

नान्सीकर
नमस्कार मंडळी, आम्ही फ्रान्समधे नान्सीला राहतो, मॅडलिनचं (शिंपल्याच्या आकाराचा छोटा फ्रेंच केक) गाव कॉमर्सी इथून तासाभराच्या आत आहे. लेक इथेच वाढला, चार-साडेचारला शाळेतून आला की हातात मॅडलिन ठरलेली. आता तो शिकायला ल्यॉंला चाललाय आणि मला सोबत घरच्या द्यायच्यात, पाकिटातल्या नाही. शिंपल्याचा साचा आहे, चवही छान येते पण पाठीवरचा उंचवटा काही येत नाही. 2 अंडी, मैदा साखर बटर प्रत्येकी 100 ग्रॅम, 1 चमचा बेकिंग पावडर, लिंबाची किसलेली साल, 180 ला 12 मिनिटं. काय बदलू?

मैदा_आणि_मी
ताई, प्रमाण बरोबर आहे, सगळा खेळ गार-गरमचा आहे. मिश्रण झाकून रात्रभर फ्रीजमधे ठेवा, साच्याला बटर लावून वर मैदा भुरभुरवा आणि तोही गार करा. ओव्हन 220 ला चांगला तापू द्या, 4-5 मिनिटं तसंच आणि मग 180 वर आणून कडा सोनेरी होईपर्यंत. कडा पटकन धरतात, मधलं मिश्रण अजून गार नि पातळ असतं, ते उशिरा फुलतं आणि त्याला वर जाण्याशिवाय जागाच उरत नाही. साचा पाऊणच भरा.

कणीदार_तूप
बटर नुसतं वितळवू नका, मंद गॅसवर ठेवा, आधी तडतडतं, मग आवाज बंद होतो आणि तळाशी तांबूस कण दिसायला लागतात, तिथेच उतरवा. लोणी कढवताना बेरी तांबूस होते तेव्हाचा वास येतो अगदी!! मी ठाण्यात करते, घरात तो वास सुटला की मला आजीचं स्वयंपाकघरच दिसतं, पितळी पातेलं आणि बेरीत साखर घालून आमच्या हातावर ठेवणारी ती. केक फ्रेंच असू दे, मला तर आजीच भेटते त्यात.

वाचनवेडा
कणीदार तूप, हे फ्रेंच लेखक प्रूस्तने 1913 साली कादंबरीत लिहून ठेवलंय. निवेदक थंडीत घरी येतो, आई चहा आणि मॅडलिन देते, चहात भिजलेला तुकडा तोंडात जातो आणि रविवारी सकाळी लेओनी मावशी द्यायची तो तुकडा आठवतो, मग अख्खं गाव. मला त्यातलं सगळ्यात खरं वाटतं ते हे की मॅडलिन नुसती बघून त्याला काही आठवत नाही, आणि पुढच्या घोटांना तो जोरही ओसरत जातो. आधीच्या खर्ड्यांत मॅडलिन नव्हतीच बरं का, भाजलेला पाव होता. आपण चव म्हणतो त्यात बराचसा वास असतो, घास चावताना तो घशामागून नाकात चढतो, आणि मेंदूत वासाची वाट भावना-आठवणींच्या भागांना फार जवळून जोडलेली आहे. ज्या गावावरून प्रूस्तने लिहिलं त्या इलिएने 1971 मधे कादंबरीतल्या गावाचं कोंब्रे हे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं, केवढं प्रेम!

नान्सीकर
सगळ्यांचे खूप आभार, मिश्रण आज रात्रीच करून ठेवते, बटर कढवूनच. साखर 80 केली तर चालेल का, त्याला कमी गोड आवडतं.

मैदा_आणि_मी
80 चालेल, रंग थोडा फिका येईल. त्याखाली नको, कोरड्या होतात. आणि ताई, निघायच्या दिवशी सकाळीच भाजा, पहिल्या दिवशीची चव दुसऱ्या दिवशी नसते.