मदत हवी आहे: पसमध्ये स्टॅफ (स्टॅफिलोकोकस जिवाणू) आलाय, क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

नमस्कार मंडळी, नाशकात पंचवटीतल्या एका छोट्या लॅबमध्ये आहे, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय, मायक्रोबायोलॉजीचं काम तसं नवीनच. पिंपळगावकडचा पेशंट, द्राक्षबागेत काम करतो, तळहातावर गळू, पस कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) आला. ग्रॅम स्टेनमध्ये जांभळे कॉकाय (गोल जिवाणू) घोसाघोसाने (द्राक्षंच म्हणा ना 😄), कॅटालेजला मस्त बुडबुडे, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नाही. ट्यूब कोॲग्युलेजमध्ये (जंतू प्लाझ्मा गोठवतो का ते बघायची टेस्ट) चार तासांनी छान गुठळी धरली होती पण सकाळी बघतो तर पाणी! काही स्टॅफ स्वतःच गुठळी विरघळवतात असं शिकलोय, म्हणून मी टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे स्टॅफ ऑरियसच धरतोय, बरोबर ना?

आता खरी अडचण. सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम डिस्कची झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेला भाग) १८ मिमी, म्हणजे एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस). एरिथ्रोमायसिन रेझिस्टंट, क्लिंडामायसिनची झोन मोठी पण एरिथ्रोच्या बाजूने चपटी, चक्क इंग्रजी डी, म्हणजे एरिथ्रोमुळे क्लिंडालाही रेझिस्टन्स जागा होतोय. माझ्या मते रेझिस्टंटच द्यायला पाहिजे, आमचे सिनियर म्हणतात झोन मोजून सेन्सिटिव्ह लिही, डॉक्टरांना गोळी द्यायला सोपं. पण ट्रीटमेंट मध्येच फेल गेली तर? डॉक्सी आणि कोट्रायमोक्साझोल सेन्सिटिव्ह आलेत, मग गोळ्यांना पर्याय आहेच की.

अजून एक, व्हँकोमायसिनची डिस्क स्टॅफला चालत नाही, एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) काढावी लागते, तर नाशकात छोट्या लॅबवाले ती कशी करतात, बाहेर पाठवता का? कोणी मायक्रोवाले असतील तर प्लीज सांगा, रिपोर्ट उद्या द्यायचाय.