कॅम्पसच्या वाय-फायला प्रिंटर जोडायचाय पण युजरनेम टाकायला जागाच नाही

तिसरा_मजला:
मंडळी मदत हवीये. पुण्यात एमई करतेय, हॉस्टेलला राहते. गाईडना ब्लॅक बुकचा (म्हणजे प्रोजेक्टच्या शेवटच्या रिपोर्टचा) ड्राफ्ट दर आठवड्याला प्रिंट काढूनच लागतो (पीडीएफ वाचत नाहीत ते, हातात लाल पेन पाहिजे) आणि सबमिशनच्या दिवसात झेरॉक्सवाल्याकडे ही रांग, म्हणून आम्ही चौघींनी वर्गणी काढून टाकीवाला इंकजेट घेतला, वाय-फायवाला. घरी भावाने जोडून बघितला तेव्हा दोन मिनिटात सुरू. इथे आणला तर लिस्टमध्ये कॉलेजचं नेटवर्क दिसतं, सिलेक्ट केलं की नुसता पासवर्ड विचारतो, आयडी विचारतच नाही. आमच्याकडे प्रत्येकीचा लॉगिन वेगळा. मी माझा पासवर्ड टाकला, मग आयडी स्लॅश पासवर्ड असं पण टाकून पाहिलं (हसू नका), एररच येतोय. प्रिंटर खराब आहे का? परत करायची मुदत शनिवारी संपतेय.

झटपट_जुगाड:
डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण दाबा ना, राउटरचं आणि प्रिंटरचं, दोन मिनिटात होतं. माझं झालं.

तिसरा_मजला:
राउटर कुठे शोधू, कॉरिडॉरच्या छताला पांढरी तबकडी लावलीये, तिला बटणच नाही 😅

सर्व्हररूममधला:
झटपटराव, तुमचं झालं कारण तुमचं घरचं नेटवर्क आहे. ताई, प्रिंटर धडधाकट आहे, परत करू नकोस. मी एका कॉलेजात नेटवर्क सांभाळतो आणि दर जुलैत हा प्रश्न मला निदान वीस जण विचारतात त्यामुळे सविस्तर लिहितो.

घरी सगळ्यांना एकच पासवर्ड, त्याला पर्सनल म्हणतात. कॅम्पसला असतं एंटरप्राइझ, म्हणजे ८०२.१एक्स. त्यात ती छताची वाय-फायची तबकडी स्वतः काही ठरवत नाही, तुझा आयडी-पासवर्ड मागे रेडियस सर्व्हरकडे जातो, तो हो म्हणाला की आत. ही बोलणी करायला डिव्हाइसमध्ये तेवढी अक्कल लागते, सर्टिफिकेट तपासता यावं लागतं. लॅपटॉप-मोबाईलला ते येतं. घरगुती प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा ते घातलेलंच नसतं, म्हणून तो आयडी विचारत नाही. डब्ल्यूपीएस पण पर्सनललाच चालतं. ऑफिसच्या मोठ्या लेझर प्रिंटरमध्ये बऱ्याचदा ही सोय असते, ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाकून सेटिंग करायचं, पण तुम्ही घेतलाय तो त्यातला नाही.

आणि समज जोडला गेला तरी प्रिंट निघेलच असं नाही. हॉस्टेलच्या वाय-फायवर आम्ही मुद्दाम आयसोलेशन लावतो, म्हणजे एकाच्या लॅपटॉपला दुसऱ्याचं डिव्हाइस दिसत नाही. नाहीतर अख्ख्या हॉस्टेलच्या लिस्टमध्ये तुमचा प्रिंटर आणि रात्री दोन वाजता कोणीतरी त्यावर मीम छापणार. झालंय असं.

आता काय करायचं. आधी आयटीवाल्यांना मेल टाकून विचार की टीव्ही, प्रिंटर असल्या वस्तूंसाठी वेगळं नेटवर्क आहे का. काही ठिकाणी मॅक ॲड्रेस (डिव्हाइसचा स्वतःचा ओळख नंबर) नोंदवून देतात, तो प्रिंटरच्या नेटवर्क स्टेटसच्या पानावर छापून मिळतो. नसेल तर यूएसबी केबल. खरंच सांगतो, चौघींच्या खोलीत एक केबल पुरते.

झटपट_जुगाड:
मग खोलीत लॅनचा पोर्ट असेल तर स्वतःचा छोटा राउटर लावून टाका, संपला विषय.

सर्व्हररूममधला:
नका हो नका!! हात जोडतो. गेल्या वर्षी एका पोराने हेच केलं, आणि वर वायर राउटरच्या वॅनऐवजी (बाहेरचं नेट आत घ्यायचं भोक) लॅनच्या (नेट पुढे वाटायच्या) भोकात घातली. झालं, त्याचा राउटर मजल्यावरच्या सगळ्यांना १९२.१६८.०.च्या पत्त्यांची खिरापत वाटायला लागला, ज्याला तो पत्ता मिळाला त्याचं नेट बंद. अर्ध्यांचं चालू अर्ध्यांचं बंद, त्यामुळे कारण कळेना, रात्री अकरापर्यंत एकेक स्विच तपासत बसलो तेव्हा कुठे पोर्ट सापडला. रेक्टरसमोर उभं केलं त्याला. राउटर अजून माझ्या कपाटात आहे.

तिसरा_मजला:
बापरे 😂 नाही लावत. केबल आणते पण दोघींकडे टॅबच आहे, आणि मोबाईलवरून प्रिंट द्यायची असली तर?

राईनकाठ:
मी जर्मनीत शिकतोय, इथे एज्युरोम (विद्यापीठांचं आयडी-पासवर्डवालं वाय-फाय) आहे, तीच रड. मी मोबाईलचा हॉटस्पॉट वापरतो. प्रिंटरला एकदा हॉटस्पॉटचं नाव-पासवर्ड दिलं की पुढच्या वेळी आपोआप जोडतो, फक्त नाव बदलायचं नाही. दोन गोष्टी. असले प्रिंटर बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हॉटस्पॉट ५ वर असेल तर त्यांना दिसतच नाही आणि आपण उगाच तासभर रिसेट मारत बसतो (मी बसलोय). अँड्रॉइडला हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलता येतो, नव्या आयफोनला 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करायचं. दुसरं म्हणजे प्रिंटचा डेटा मोबाईलमधूनच जातो, पॅकमधला खर्च होत नाही, पण लॅपटॉप हॉटस्पॉटवर आला की विंडोज अपडेट उतरवायला लागतं. ते कनेक्शन विंडोजमध्ये मीटर्ड (डेटा जपून वापर असं सांगणारं सेटिंग) करून ठेवा, माझा महिन्याचा डेटा एका संध्याकाळी गेला होता.

सर्व्हररूममधला:
बरोबर. आणि त्याआधी प्रिंटरला वाय-फाय डायरेक्ट आहे का बघ, बहुतेक असेलच. तो स्वतःचंच छोटं नेटवर्क काढतो, नाव साधारण डायरेक्ट अशा अक्षरांनी सुरू होतं, पासवर्ड स्टेटसच्या पानावर. टॅब त्याला जोडायचा, प्रिंट द्यायची, परत कॉलेजच्या वाय-फायला यायचं. तेवढा वेळ बऱ्याचदा टॅबला नेट मिळत नाही, म्हणून फाईल आधी उतरवून ठेवा, ड्राइव्हवरून थेट द्यायला जाल तर गोल फिरत बसेल. तो पासवर्ड फॅक्टरीचा असेल तर बदला, शेजारच्या खोलीला पण ते नेटवर्क दिसतं.

तिसरा_मजला:
अपडेट. आयटीला मेल टाकला, उत्तर आलं की हॉस्टेलला असली सोय नाही, फक्त डिपार्टमेंटला. मग अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला गेलेच होते तर येताना केबल पण आणली, ती चौकोनी तोंडाची. लॅपटॉपवरून पहिल्या फटक्यात सुरू. टॅबवाल्या दोघी डायरेक्टवरून देतायत, एकीचं जोडलं जात नव्हतं कारण दुसरीचा टॅब आधीच अडकून बसला होता, तो काढला की झालं. ६४ पानांचा ड्राफ्ट निघाला. पासवर्ड बदलायच्या आतच शेजारच्या खोलीतून कोणीतरी तीन पानं छापली, हॉल तिकीट होतं, सकाळी येऊन घेऊन पण गेली, वर म्हणते रंगीत का नाही आलं.

झटपट_जुगाड:
पानाला दोन रुपये लावा.

तिसरा_मजला:
लावलेत. रंगीत पाच.