मदत हवी आहे: बाबा झोपेत लाथा मारतात, डॉक्टरांची शंका त्यांना सांगावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बाबा ६७ वर्षांचे. दोनेक वर्षांपासून पहाटे तीन-चारच्या सुमारास झोपेतच ओरडतात, हात झाडतात, लाथा मारतात. हलवलं की लगेच भानावर येतात आणि स्वप्न सांगतात, बहुतेक वेळा कुत्रा नाहीतर चोर अंगावर आलेला असतो. गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याखाली बुक्की बसली. बाबांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. तो काळानिळा डाग बघून ते दिवसभर जेवले नाहीत.

न्यूरॉलॉजिस्टना 'रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर'ची शंका आहे. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत आपलं अंग लुळं पडतं, डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढं चालू राहतं. म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय जागेवरच असतात. बाबांच्या अंगात हा लुळेपणाच येत नाही. लुळं पडणं म्हणजे आजार, असंच मी आजवर समजत होते.

डॉक्टरांनी बद्धकोष्ठता आहे का, वास येतो का, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का, असं बरंच विचारलं. फोडणी करपली तरी बाबांना कळत नाही, हे तेव्हा आठवलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, अशा बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होतो. कुणाला, कधी, हे आज सांगता येत नाही आणि तो टाळणारं औषधही अजून नाही.

भाऊ म्हणतो, बाबांना सांगू नकोस, उगाच धसका घेतील. मला लपवणं जमत नाहीये, त्यांच्याशी नजर मिळवता येत नाही. तुमच्यापैकी कुणी घरच्यांना हे सांगितलंय का? कसं सांगितलंत?

दुसरं, खात्री करायला रात्रभर व्हिडिओसह स्लीप स्टडी हवी, हनुवटीला आणि हातापायांना इलेक्ट्रोड लावून. घोरण्यासाठी घरी करतात ती तपासणी यात पुरत नाही. बाबा म्हणतात, कॅमेऱ्यासमोर झोप लागायची नाही. पुण्यात कुणी केली असेल तर जोडीदाराला तिथे थांबू देतात का, तेवढं सांगा.

उतारा-अंगारा आत्यानं करून झालाय, कृपया तो सुचवू नका.

पलंगाजवळचं काचेचं टेबल हलवलंय, खाली गादी टाकलीय. आई मात्र दुसऱ्या खोलीत झोपायला तयार नाही. म्हणते, रात्री पडले तर कोण बघणार?