मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमध्ये हरणाची पहिली शिकार

नमस्कार मंडळी,

मी सांगलीकडचा, सहा वर्षं झाली अमेरिकेत, मॅडिसनजवळ राहतोय. शेजारच्या आजोबांनी यंदा त्यांच्या शेतावर हरणाच्या शिकारीला बोलावलंय. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला इथला सण) आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे आमच्या घरात बंदूक कुणी हातातही धरलेली नाही. पण दर रविवारी मटण खातो, तर ते जनावर एकदा तरी आपल्या हातानं मारून, सोलून खावं असं फार दिवसांपासून मनात आहे. बायकोला पटलेलं नाही, तिचंही मला समजतं.

१९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकारी सुरक्षेचा कोर्स सक्तीचा आहे, तो ऑनलाइन केला. भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घेतली. बंदूक मात्र अजून शिवलेली नाही, कारण मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. एक जण म्हणतो परदेशी माणसानं बंदुकीला हातही लावायचा नाही, दुसरा म्हणतो परवाना असेल तर चालतं. खरं काय?

आणि खरी भीती वेगळीच आहे. नेम चुकला आणि हरीण जखमी होऊन रानात पळालं तर? ते कुठेतरी रात्रभर तडफडत पडलंय या विचारानं मला झोप लागणार नाही. नवख्यानं काय करावं?

प्रतिसाद:

आधी परवाना काढा, मग बंदूक. केंद्रीय कायद्यानं तुमच्यासारख्या व्हिसावाल्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. सरावालाही तो खिशात असू द्या. प्रश्न व्हिसाचा आहे, म्हणून एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच.

तुमची भीती योग्य आहे, ती असू द्या. हरीण तुमच्याकडे कूस करून आडवं उभं राहीपर्यंत चाप ओढू नका. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. हृदय आणि फुप्फुसं तिथेच असतात. तोंड तुमच्याकडे असेल किंवा पळत असेल तर जाऊ द्या. सरावात बसून, टेकू घेऊन, ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसतात तेवढंच तुमचं अंतर, मग ते ५० यार्ड का असेना. मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बार काढायचा नाही.

बार झाल्यावर लगेच धावू नका, अर्धा तास बसा. मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलंय, हरीण जवळच सापडेल. हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात गेलीय. तिथून हळूच मागे फिरा आणि काही तास थांबून आजोबांना घेऊन माग काढा. लगेच मागे लागलात तर ते उठून लांब जातं, आणि तुम्हाला ज्याची भीती आहे नेमकं तेच होतं.

मचाणावर बसणार असाल तर जमिनीवरूनच सुरक्षेचा पट्टा बांधून चढा.

आतडी तिथल्या तिथे काढायची, मूत्राशय फुटू न देता. पहिल्या वेळी आजोबांनाच करू द्या, तुम्ही पाय धरा आणि बघा. तुमच्या भागात २००२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे आणि तो शिजवून जात नाही. डोकं तपासणीला द्या, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवा, वाटे घालू नका.